कोरी चिप उघडी की बंद?

“चिप लॉक आहे. आतला कोड काढून द्याल का?” मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत थोडा वेळ उभं राहिलं, की हा प्रश्न कधी ना कधी कानावर पडतो. विचारणारे साधारण तीन प्रकारचे. एकाचं भोसरीला किंवा अंबडला छोटं युनिट असतं. मशीनचं कंट्रोल कार्ड बनवून देणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि हेक्स फाइलही त्याच्याबरोबर गेलेली असते. दुसरा डिप्लोमाचा विद्यार्थी, भलताच फ्यूज बिट टाकून बसलेला. तिसरा कुणा दुसऱ्याचं प्रॉडक्ट टेबलावर ठेवून “सेम टू सेम असंच पाहिजे” म्हणणारा. चिपला या तिघांतला फरक कळत नाही. ती तिघांना एकच उत्तर देते: उघडते, पण आधी स्वतःला पुसून घेते.

मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीवरचं कुलूप काढायचा अधिकृत रस्ता जवळपास सगळ्या कंपन्यांनी हाच ठेवला आहे. कुणी त्याला चिप इरेज म्हणतं, कुणी मास इरेज, कुणी रिकव्हर. तिजोरी परत मिळते, दागिने मिळत नाहीत. यात अन्याय काही नाही. कुलूप चिपचं नसतंच, ते आतल्या कोडचं असतं. कोड गेला की राखायला काही उरत नाही आणि शंभर-दोनशे रुपयांची चिप पुन्हा वापरता येते. वरच्या पहिल्या माणसाला मात्र हे समजावून सांगणं अवघड जातं. कोड त्याचाच, मशीन त्याचंच, पैसेही त्यानेच मोजलेले. तरी चिपच्या लेखी तोही परकाच.

पुसण्याचा क्रमही महत्त्वाचा. अ‍ॅटमेलच्या एव्हीआर चिपच्या डेटाशीटमध्ये एक छोटं वाक्य असतं, ज्यावरून बहुतेकांची नजर नुसती घसरून जाते: प्रोग्रॅम मेमरी पूर्ण पुसली गेल्याशिवाय लॉक बिट मोकळे होत नाहीत. क्रम उलटा असता, आधी कुलूप आणि मग कोड, तर मधल्या क्षणी वीज तोडून कोणीही भरलेली खोली उघडी करून घेतली असती. हा धोका कल्पनेतला नाही. मायक्रोचिपच्या पीआयसी१६सी८४ या चिपमध्ये पुरवठ्याचं व्होल्टेज प्रोग्रॅमिंग व्होल्टेजच्या जवळ नेऊन सुरक्षा बिटावर पुन्हा पुन्हा लिहिलं, की बाकीची मेमरी तशीच राहून नुसता तो बिट मोकळा व्हायचा. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि मार्कुस कून यांनी १९९६च्या शोधनिबंधात ही गोष्ट नोंदवली. पुसणं आणि उघडणं ही दोन कामं एकमेकांना घट्ट बांधलेली हवीत, एवढाच त्याचा अर्थ. पण तेवढंच साधायला उद्योगाला बरीच वर्षं लागली.

माझ्या मते या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली आणखी एका साध्या प्रश्नात आहे. कुलूप लागलं आहे की नाही, ही माहिती चिपमध्ये ठेवतात कुठे? बहुतेक वेळा त्याच फ्लॅशमध्ये किंवा तिच्या शेजारच्या काही सेलमध्ये. फ्लॅशचा स्वभाव असा, की पुसल्यावर तिचा प्रत्येक बिट १ होतो. म्हणजे कारखान्यातून आलेल्या किंवा नुकत्याच पुसलेल्या चिपमध्ये कुलपाच्या जागीही सगळे १च. मग डिझायनरला ठरवावं लागतं: हे १ म्हणजे ‘उघडं’ समजायचं की ‘बंद’? आणि ना धड हे, ना धड ते असा आकडा तिथे सापडला तर? प्रत्येक कंपनीने याचं उत्तर वेगळं दिलं, आणि कोणती चिप मालकाला छळते आणि कोणती चोराला फितूर होते, हे पुष्कळसं त्या उत्तरावर ठरलं.

आपल्याकडच्या कॉलेजांतून पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या ८०५१ घराण्यातल्या चिप आणि नंतर आर्डुइनोमुळे घरोघरी पोचलेली एटीमेगा३२८पी यांनी सोपं उत्तर घेतलं. कोरी म्हणजे उघडी. लॉक बिट मुद्दाम ० केला तरच कुलूप. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं. चूक झाली तर इरेज करून पुन्हा सुरुवात. एव्हीआरवर विद्यार्थी अडकतात ते बहुधा लॉक बिटांनी नव्हे तर फ्यूज बिटांनी. रीसेटची पिन साधी पिन करून टाकली, की नेहमीचा प्रोग्रामर आत शिरूच शकत नाही. मग त्या पिनवर १२ व्होल्ट देणारा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर शोधत फिरायचं. ‘चिप उडाली’ म्हणून कचऱ्यात गेलेल्या कितीतरी एटीमेगा खरं तर ठणठणीत होत्या.

८०५१ घराण्यातल्याच जुन्या खिडकीवाल्या ८७५१मध्ये अतिनील प्रकाशाने कोड आणि कुलूप दोन्ही एकदम पुसले जात. पण दोन्ही एकाच जागी नसतील तर? अँड्र्यू ‘बनी’ हुआंग याने २००७मध्ये पीआयसी१८एफ१३२० उघडून दाखवली ती याच शंकेतून. चिपचं आवरण काढून फ्लॅशच्या भागावर इन्सुलेशन टेपचा तुकडा, आणि बाकी सगळं अतिनील दिव्याखाली. कंपनीने कुलपाच्या सेलवर धातूचं छत्र ठेवलं होतं, म्हणून त्याने चिप तिरकी धरली आणि प्रकाश बाजूने आत गेला. त्याच्या पाच वर्षं आधी सर्गेई स्कोरोबोगातोव आणि अँडरसन यांनी मायक्रोस्कोपवर कॅमेऱ्याचा फ्लॅश बसवून चिपच्या रॅममधला हवा तो एकेक बिट उलटवला होता. तो फ्लॅश सेकंडहँड, ३० डॉलरचा. हल्ल्याला महागडी प्रयोगशाळा लागते हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

मोटोरोला, पुढे फ्रीस्केल, यांनी नेमकं उलट उत्तर घेतलं. त्यांच्या कायनेटिस चिपमध्ये फ्लॅशच्या हेक्स ४०० या पत्त्यापासून १६ बाइटची एक पट्टी राखून ठेवलेली असते. तिच्यातल्या एका बाइटचे शेवटचे दोन बिट कुलपाचे. दोन बिटांचे चार प्रकार होतात; त्यांपैकी फक्त एक, १ आणि ०, म्हणजे उघडं. बाकी तिन्ही बंद, आणि त्यात कोऱ्या फ्लॅशचे १-१सुद्धा आले. शंका आली तर दार लावून घ्यायचं. तत्त्व म्हणून उत्तमच, पण टेबलावर बसणाऱ्याचा जीव घेणारं. मी स्वतः एका संध्याकाळी दोन बोर्ड असेच गमावले. लिंकरच्या फाइलमध्ये ती १६ बाइटची जागा सोडलेली नव्हती. कोड एक किलोबाइटपुढे वाढला आणि माझ्याच प्रोग्रॅमच्या सूचना जाऊन कुलपाच्या जागी बसल्या. चिपने त्या सूचना कुलूप म्हणून वाचल्या. एक बोर्ड मास इरेजने परत आला. दुसऱ्यावर दुर्दैवाने ‘मास इरेज नको’ सांगणारे बिटही नेमके जुळले होते. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

याच पट्टीत पुसल्याशिवाय उघडण्याचाही एक मार्ग ठेवलेला आहे: आठ बाइटची मागच्या दाराची किल्ली. बरोबर किल्ली दिली, की पुढच्या रीसेटपर्यंत चिप उघडी. चुकीची दिली, तर रीसेट होईपर्यंत दुसरा प्रयत्न नाही. ऐकायला छान वाटतं, पण ती किल्ली बाहेरून डिबगरने देता येत नाही. चिपच्या आत चालणाऱ्या कोडनेच ती कुठून तरी, समजा सीरियल पोर्टवरून, घ्यावी आणि फ्लॅशला सादर करावी लागते. म्हणजे मागचं दार हवं तर घर बांधतानाच ठेवावं लागतं. भोसरीच्या त्या मालकाच्या चिपमध्ये असं दार असण्याची शक्यता किती, हे सांगायला नकोच.

एनएक्सपीच्या एलपीसी चिपचा हिशेब पूर्ण वेगळा. हेक्स २एफसी या पत्त्यावर ३२ बिटांचा एक आकडा असतो. तो १२३४५६७८ असला तर पहिल्या दर्जाचं कुलूप, ८७६५४३२१ असला तर दुसऱ्या, ४३२१८७६५ असला तर तिसऱ्या. (बॅगेच्या नंबरलॉकसारखे हे आकडे कुणाला सुचले असतील कोण जाणे.) एक चौथा आकडाही आहे, पण त्याचं काम वेगळं. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी आकडे मावतात. त्यांतले हे मोजके सोडले तर कोणताही आकडा म्हणजे दार सताड उघडं. ख्रिस गेर्लिन्स्की याने २०१७मध्ये ब्रुसेल्सच्या रीकॉन परिषदेत दाखवलं ते यातूनच आलं. चिप सुरू होताना बूट रॉम तो आकडा वाचत असते. नेमक्या त्या क्षणी वीजपुरवठ्याला झटका दिला आणि एक जरी बिट चुकीचा वाचला गेला, तरी आकडा ‘कुलूप नाही’च्या अफाट गर्दीत जाऊन पडतो. चोराला नेम साधावा लागतच नाही, नेम चुकवला की काम झालं. २०१५मध्ये फ्रीस्केल एनएक्सपीत विलीन झाली. तेव्हापासून शंका आली की दार लावणारी चिप आणि शंका आली की दार उघडणारी चिप एकाच छपराखाली विकल्या जाऊ लागल्या.

एसटी कंपनीच्या एसटीएम३२ घराण्याने मधला रस्ता धरला, आणि या विषयावरचं पुष्कळसं संशोधनही त्याच्यावर झालं. बहुतेक मॉडेलांत कुलपाच्या तीन पातळ्या. शून्य म्हणजे मोकळी. एक म्हणजे डिबगर जोडता येतो पण फ्लॅश वाचता येत नाही. पुन्हा शून्यावर यायचं तर सगळं पुसलं जातं. दोन म्हणजे डिबगरचं दार कायमचं भिंत घालून बंद, परतीची वाटच नाही. एसटीएम३२एफ०मध्ये हे एका बाइटने आणि त्याच्या उलट्या प्रतीने ठरतं: एए-५५ म्हणजे शून्य, सीसी-३३ म्हणजे दोन. दोन बाइटच्या ६५,५३६ जोड्यांपैकी उरलेल्या ६५,५३४ म्हणजे पातळी एक. कोरी चिप चुकून कायमची बंद व्हायला नको आणि बिघडलेली चिप चुकून उघडी पडायलाही नको, असा हा समजूतदार तोडगा.

पण याचा दुसरा अर्थ असा, की पातळी दोनची अभेद्य भिंत एका बिटाने ढासळून पातळी एकवर येते. २०१७मध्ये योहानेस ओबरमायर आणि श्टेफान टाचनर या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी नेमकं तेच केलं. चिपचं आवरण काढून, अतिनील प्रकाशाने ०चा १ करून, सीसी-३३ची जोडी मोडली. भिंतीचं पुन्हा दार झालं. मग त्या दारातही फट सापडली: डिबगरने फ्लॅश वाचायला घेतली की अडवणूक क्षणभर उशिरा व्हायची, आणि तेवढ्यात एक शब्द हाती लागायचा. रीसेट, एक शब्द. रीसेट, एक शब्द. चिमणीने दाणा दाणा नेऊन कणगी रिकामी करावी तसा सगळा कोड बाहेर. २०२०मध्ये ओबरमायर आणि मार्क शिंक यांनी जुन्या एसटीएम३२एफ१चं कुलूप तर आवरणाला हातही न लावता, चिपच्याच इंटरप्टच्या यंत्रणेकडून फ्लॅश वाचून घेऊन मोडलं.

पातळी एकमध्ये आणखी एक गोम आहे. फ्लॅश बंद असली तरी डिबगरला रॅम वाचता येते. जुन्या वाड्यात माजघराला कुलूप असावं आणि ओसरी उघडी, असा प्रकार. ओसरीवर काही ठेवलं नसेल तर हरकत नाही. ट्रेझर या क्रिप्टो वॉलेटने ठेवलं होतं. डिसेंबर २०१८मध्ये जर्मनीच्या ३५सी३ परिषदेत दिमित्री नेदोस्पासोव, थॉमस रोथ आणि जॉश डाट्को यांनी व्होल्टेजचा झटका देऊन वॉलेटमधली एसटीएम३२एफ२ चिप दोनवरून एकवर आणली, आणि फर्मवेअर अपडेटच्या वेळी रॅममध्ये येणारी गुप्त बीजं तिथून उचलली. पुढे अमेरिकेतला हार्डवेअर हॅकर जो ग्रँड याने त्याच जातीच्या युक्तीने पिन विसरलेल्या एका मालकाचं वॉलेट त्याच्याच विनंतीवरून उघडून दिलं. आत सुमारे २० लाख डॉलरचं चलन होतं. तंत्र एकच. एका ठिकाणी ती चोरीची तालीम, दुसऱ्या ठिकाणी कुलूपवाल्याची मजुरी.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३०ने जुन्या मॉडेलांत खरोखरचा फ्यूज जाळायची सोय ठेवली होती. बूटलोडरला मात्र पासवर्ड होता, तो म्हणजे चिपच्याच इंटरप्ट व्हेक्टरचे ३२ बाइट. ट्रॅव्हिस गुडस्पीड याने २००८मध्ये दाखवलं, की पासवर्ड तपासायला लागणारा वेळ बरोबर आणि चूक बाइटला किंचित वेगळा असतो. दार जाळलं आणि खिडकीने दगा दिला.

नॉर्डिकच्या एनआरएफ५२ची कथा या मालिकेत मला सर्वांत बोलकी वाटते. इथेही कोरी म्हणजे उघडी. ‘लिमिटेडरिझल्ट्स’ या टोपणनावाच्या संशोधकाने जून २०२०मध्ये सुरुवातीच्या क्षणी झटका देऊन तिचं कुलूप चुकवलं. वर्षभरात अ‍ॅपलचा एअरटॅग बाजारात आला, त्यात हीच चिप, आणि थॉमस रोथने मे २०२१मध्ये त्यातलं फर्मवेअर बाहेर काढलं. नॉर्डिकने पुढच्या आवृत्तीत उत्तरच फिरवलं: कोरी म्हणजे बंद. उघडी ठेवायची तर फ्लॅशमध्ये विशिष्ट आकडा लिहा आणि शिवाय चालू कोडनेही तसं सांगा, दोन्ही हवं. सुरक्षेच्या दृष्टीने चोख. पण नव्या आवृत्तीची चिप जुन्या सॉफ्टवेअरनिशी वापरणाऱ्या साध्या इंजिनिअरचा डिबगर रीसेटनंतर जोडलाच जाईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर चोरालाही इथे थोडा फास बसलाच होता.

मग कुलूप लावावं की नाही? माझं मत असं, की शेजारच्या गाळ्यातला माणूस कोड उचलू नये एवढाच हेतू असेल तर साधं कुलूपही पुरतं. झटके देणारी उपकरणं आता स्वस्त झाली आहेत हे खरं, पण पंपाच्या टायमरसाठी तेवढी खटपट कोणी करत बसत नाही. तो टायमर नव्याने लिहिणं सोपं. गोष्ट बिघडते ती एका चिपमधलं गुपित सगळ्या चिपना लागू पडतं तेव्हा. २०१६मध्ये एयाल रोनेन, आदी शामीर आणि सहकाऱ्यांनी फिलिप्स ह्यूच्या दिव्यातली अपडेटची किल्ली वीजवापराच्या मोजमापातून शोधली. फ्लॅश न वाचताच. ती किल्ली त्या जातीच्या सगळ्या दिव्यांना एकच होती, त्यामुळे एक दिवा फोडला आणि बाकीचे आपोआप फुटले. प्रत्येक चिपला वेगळी किल्ली दिली असती तर त्याच हल्ल्याची किंमत एका दिव्याएवढी राहिली असती.

कायद्याची बाजू आपल्याकडे वाटते तितकी कोरडी नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परस्परजुळणीसाठी आवश्यक माहिती मिळवायला आणि कायदेशीररीत्या मिळवलेला प्रोग्रॅम कसा चालतो हे अभ्यासायला वाव देतं. २०१२मध्ये आलेलं ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगतं. सगळा भार हेतूवर. भोसरीचा मालक आणि ‘सेम टू सेम’वाला यांच्यातला जो फरक चिपला कळत नाही, तो इथे निदान न्यायाधीशाने तरी ओळखावा अशी अपेक्षा आहे. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि वाहनंही होती. ट्रॅक्टरच्या कंट्रोलरमधलं कुलूप कोणापासून कोणाला वाचवतं, या प्रश्नाला ती कधी ना कधी भिडणारच.

कुलपाचा आणखी एक पेच मतदान यंत्रांनी पुढे आणला. एकदाच लिहिता येणारी चिप ही त्या यंत्रांची सुरक्षा म्हणून सांगितली जाते. पण जे बदलता येत नाही ते तपासायचं कोणी आणि कसं? २६ एप्रिल २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रागणिक ५ टक्के यंत्रांच्या जळवलेल्या मेमरीची तपासणी करायला मुभा दिली. ती करायची उत्पादक कंपनीच्या इंजिनिअरांनीच. चोराला बाहेर ठेवणारं दार तपासनिसालाही बाहेर ठेवतं. फार तर घरमालक आतून येऊन सांगू शकतो, की सगळं ठीक आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये रास्पबेरी पायने आपल्या आरपी२३५० चिपमध्ये गुपित लपवून ते काढणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. महिनाभर कोणी आलं नाही, म्हणून ते दुप्पट केलं. जानेवारी २०२५मध्ये चार विजेते जाहीर झाले. एडन कलन याने कुलपाचे बिट वाचले जात असतानाच त्या मेमरीचा पुरवठा तोडला. चिपला खरे बिट दिसेनात, आणि तिने आधी वाचलेला आकडाच पुन्हा वाचला. त्या आकड्याचा अर्थ निघाला असा, की कायमचे बंद केलेले प्रोसेसर डिबगरसकट जागे झाले. शंका आली तेव्हा चिपने काय मानलं, हाच प्रश्न पुन्हा.

एसटीच्या नव्या एसटीएम३२यू५मध्ये आता पातळी दोनवरून परत येता येतं. त्यासाठी निर्मात्याने आधीच ६४ बिटांची किल्ली चिपमध्ये ठेवलेली असावी लागते. ६४ बिट म्हणजे आठ बाइट. मोटोरोलाच्या जुन्या एचसीएस१२ चिपमधल्या मागच्या दाराची किल्ली एवढीच होती. मध्यंतरी एका युनिटमध्ये विचारलं, की ही किल्ली तुम्ही कुठे ठेवता? तिथल्या मुलाने हसत लॅपटॉप फिरवला. डेस्कटॉपवर एक्सेलची फाइल होती, नाव ‘की फायनल नवीन’. फाइलला पासवर्ड नव्हता. आणि त्या मुलाचा नोटीस पिरियड चालू होता.